पलटण, रिसाला, तोफखाना : हिंगोलीची छावणी आणि भोवतीचा प्राचीन प्रदेश

मराठवाड्याचे पर्यटन म्हटले की वेरूळ, अजिंठा, दौलताबाद ही नावे आपसूक ओठांवर येतात. भाविकांची यादी थोडी लांब असते. तीत परळी, औंढा नागनाथ, नांदेडचा गुरुद्वारा आणि माहूरगड यांचा समावेश होतो. या दोन्ही याद्यांत हिंगोली शहराचे नाव सहसा नसते. औंढ्याला किंवा नरसीला जाताना बस बदलण्याचे ठिकाण एवढीच त्याची ओळख बाहेरच्या प्रवाशाला असते. वास्तविक एकोणिसाव्या शतकात हिंगोली हे हैदराबाद संस्थानातील एक महत्त्वाचे लष्करी ठाणे होते. पलटण, रिसाला, तोफखाना, पेन्शनपुरा, सदर बाजार ही वस्त्यांची नावे आजही त्या काळाची साक्ष देतात.

यादवकालीन देवालय, संतांची भूमी आणि ब्रिटिश अंमलदारांच्या हाताखालची छावणी या तीन काळांचे थर इतक्या जवळ जवळ पाहावयास मिळतील अशी ठिकाणे मराठवाड्यात थोडी आहेत. वसमतहून निघून औंढा, हिंगोली आणि नरसी असा दोन दिवसांचा प्रवास केला तर हे तिन्ही थर क्रमाने उलगडत जातात.

वसमत : हळदीच्या गावातून प्रारंभ

नांदेडकडून येणाऱ्या प्रवाशाला हिंगोली जिल्ह्याचे पहिले दर्शन घडते ते वसमतला. गावाचे नाव वसमत. परंतु रेल्वेच्या वेळापत्रकात ते ‘बसमत’ असे आढळते. निजामी कागदपत्रांतील ‘ब’ रेल्वेने अद्याप सोडलेला नाही. १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्याचे विभाजन होऊन हिंगोली जिल्हा अस्तित्वात आला, तेव्हा वसमत, औंढा नागनाथ, कळमनुरी, सेनगाव आणि हिंगोली असे पाच तालुके त्यात आले.

वसमतची आजची ओळख हळदीची आहे. येथील हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. हळद संशोधन व प्रशिक्षणासाठीचे बाळासाहेब ठाकरे यांच्या नावाचे हरिद्रा केंद्रही वसमतलाच आहे. उन्हाळ्याच्या तोंडाशी येथे आल्यास काढणी झालेली, शिजवून उन्हात पसरलेली हळद शेतांतून आणि मोकळ्या आवारांतून दिसते. पुस्तकांत न सापडणारा मराठवाडा पाहायचा असेल तर हळदीच्या मोसमात बाजार समितीच्या आवारात तासभर उभे राहावे.

हा तालुका विचारांच्या बाबतीतही मागे नाही. नरहर कुरुंदकर यांच्या आडनावातील कुरुंदा हे गाव वसमत तालुक्यातच आहे. हैदराबाद मुक्तिसंग्रामात हुतात्मा झालेले वापटीचे बहिर्जी शिंदे याच तालुक्याचे. त्यांची स्मृती वसमतमधील बहिर्जी स्मारक विद्यालयाने जपली आहे. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामी राजवट संपली; पण तिच्या खाणाखुणा भाषेत, पोशाखात आणि गावांच्या नावांत राहिल्या. त्या ओळखण्याची सवय येथूनच लावून घ्यावी, कारण पुढे हिंगोलीत तिचा उपयोग होणार आहे.

औंढा नागनाथ : एकाच देवळाचे दोन काळ

वसमतहून औंढ्याकडे जाताना वाटेत शिरड शहापूर लागते. तेथील मल्लिनाथ दिगंबर जैन मंदिर प्रसिद्ध असून त्यातील मूर्ती पूर्वी अर्धापूर येथे होती असे सांगितले जाते. त्यानंतर येते ते औंढा. बारा ज्योतिर्लिंगांपैकी आठवे ते हेच, अशी महाराष्ट्रातील भाविकांची श्रद्धा आहे. गुजरातेतील द्वारकेजवळचे नागेश्वर आणि उत्तराखंडातील जागेश्वर यांच्याबाबतही असाच दावा केला जातो. हा वाद श्रद्धेचा असल्याने त्याचा निवाडा करण्याचे कारण नाही. शिल्पाच्या दृष्टीने मात्र औंढ्याचे देवालय कोणत्याही दाव्याविना श्रेष्ठ ठरते.

मंदिराचा खालचा भाग काळ्या दगडाचा, यादवकालीन, ज्याला आपण हेमाडपंती म्हणतो त्या घडणीचा आहे. भिंतींवर देवदेवतांच्या मूर्ती, सुरसुंदरी आणि हत्तींच्या रांगा कोरलेल्या आहेत. वरचा भाग मात्र वीट-चुन्याचा, फिकट रंगाचा आणि पुष्कळ नंतरचा आहे. या जीर्णोद्धाराचे श्रेय परंपरेने अहिल्याबाई होळकरांना दिले जाते. देवालयापासून थोडे दूर उभे राहिले की काळा आणि पांढरा असे दोन काळ एकावर एक ठेवलेले दिसतात. ज्योतिर्लिंग तळघरासारख्या लहानशा गाभाऱ्यात असून तेथे उतरण्याचा मार्ग अरुंद आहे. वृद्धांनी आणि दम्याचा त्रास असणाऱ्यांनी गर्दीच्या दिवशी हे ध्यानात ठेवावे.

संत नामदेवांची एक आख्यायिका येथे घरोघरी सांगितली जाते. देवळासमोर कीर्तन करणाऱ्या नामदेवांना मागच्या बाजूला जाण्यास सांगण्यात आले, तेव्हा देऊळच फिरून त्यांच्याकडे तोंड करून उभे राहिले. मंदिराचे दार पश्चिमेकडे का आणि नंदी मागे का, याचे उत्तर लोक या कथेतून देतात. नामदेवांचे गुरू विसोबा खेचर यांचेही नाव औंढ्याशी जोडलेले आहे. जातीने माणसाला मागे सारणाऱ्या समाजात देवाने बाजू बदलली, असे सांगणारी ही कथा सातशे वर्षे टिकली, हे महत्त्वाचे.

याच औंढ्याच्या परिसरात, दुधाळा गावाजवळ, गुरुत्वीय लहरींचा वेध घेणारी ‘लायगो-इंडिया’ ही वेधशाळा उभारली जात आहे. केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या या प्रकल्पाला अंतिम मंजुरी दिली. प्रत्येकी चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजा असलेले हे यंत्र अतिशय सूक्ष्म कंपने टिपणार असल्याने त्यासाठी शांत आणि वर्दळीपासून दूर असलेली जागा हवी होती.

हिंगोली : छावणीचे गाव

औंढ्याहून साधारण तासाभरात आपण हिंगोलीत पोहोचतो. कयाधू नदीच्या काठचे हे शहर प्रथमदर्शनी मराठवाड्यातील कोणत्याही जिल्ह्याच्या ठिकाणासारखेच दिसते. तीच बसस्थानकाची गर्दी, तीच दुकाने, त्याच रिक्षा. रेल्वे स्थानकाच्या पाटीकडे मात्र लक्ष द्यावे. ती ‘हिंगोली डेक्कन’ अशी आहे.

या गावात सैन्य कसे आले? येथे थोडा इतिहास आवश्यक आहे. हैदराबादच्या निजामाकडे दोन प्रकारच्या इंग्रजी फौजा होत्या आणि त्यांची पुष्कळदा गल्लत होते. एक होती कंपनीची तैनाती फौज. दुसरी होती ‘हैदराबाद कंटिंजंट’. ही नावाने निजामाची, पगाराने निजामाची, पण हुकुमाने इंग्रज अंमलदारांची फौज. १८१३ च्या सुमारास हैदराबादचा ब्रिटिश रेसिडेंट हेन्री रसेल याने उभारलेली ‘रसेल ब्रिगेड’ हे तिचे मूळ. पुढे तिची ठाणी संस्थानभर पसरली. बोलारम, औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर), मोमिनाबाद (म्हणजे अंबाजोगाई), एलिचपूर (म्हणजे अचलपूर) आणि हिंगोली ही त्यांतली काही.

वऱ्हाड आणि मराठवाडा यांच्या सीमेवर असल्याने हिंगोलीचे स्थान मोक्याचे होते. या सीमाभागातील हटकर नाईकांनी निजामाची सत्ता सहजासहजी मानली नव्हती. नोव्हसाजी नाईक यांनी जानेवारी १८१९ मध्ये नव्हा येथील गढीतून निजाम-इंग्रज फौजेला दिलेली झुंज या भागात अजून आठवली जाते. अशा प्रदेशावर नजर ठेवण्यासाठी हिंगोलीत पायदळ, घोडदळ आणि तोफा आल्या. त्यांच्यासाठी रुग्णालय आले, जनावरांचा दवाखाना आला, बाजार आला.

वस्त्यांची नावे वाचण्याची हीच जागा. पायदळ राहिले ती पलटण. घोडदळ राहिले तो रिसाला. तोफा जेथे होत्या तो तोफखाना. नोकरी संपवून, निवृत्तिवेतनावर येथेच वसलेल्या शिपायांचा तो पेन्शनपुरा. आणि छावणीचा मुख्य बाजार तो सदर बाजार. ‘रिसाला’ हा शब्द फारसी परंपरेतून आलेला, ‘पलटण’ युरोपीय भाषांतून देशी झालेला, ‘पेन्शन’ थेट इंग्रजी आणि त्याला लागलेला ‘पुरा’ आपला. एका लहानशा शहराच्या पाच नावांत तीन सत्तांचा व्यवहार साठवलेला आहे. पुण्याच्या लष्कर भागाशी परिचित असणाऱ्या वाचकांना ही मांडणी ओळखीची वाटेल. फरक इतकाच, की पुण्याच्या छावणीवर पुस्तके झाली, हिंगोलीच्या वाट्याला ते आले नाही.

सदर बाजारातला सावकार

या छावणीची सर्वांत विलक्षण हकीकत एका इंग्रजी कादंबरीच्या प्रस्तावनेत सापडते. निजामाच्या सैन्यात नोकरी केलेल्या फिलिप मेडोज टेलर याने १८३९ मध्ये ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ ही कादंबरी प्रसिद्ध केली आणि ती इंग्लंडात फार गाजली. प्रस्तावनेत त्याने हिंगोलीच्या हरिसिंग नावाच्या व्यापाऱ्याविषयी लिहिले आहे. हा हरिसिंग छावणीच्या बाजारातला प्रतिष्ठित माणूस. टेलरने स्वतःही त्याच्याशी देवघेव केलेली होती. त्याने एकदा मुंबईहून कापड आणण्यासाठी इंग्रज अधिकाऱ्याकडून रीतसर परवाना घेतला. कापड येतही होते. पण ते दुसऱ्याच एका व्यापाऱ्याचे होते. तो व्यापारी, त्याचे नोकर आणि गाडीवान यांना वाटेत संपवून हरिसिंगाने तो माल परवान्यावर हिंगोलीत आणला आणि छावणीत उघडपणे विकला. तो या भागातील ठगांचा म्होरक्या होता. त्याने पकडल्यावर कबुली दिली नसती तर हे उघडकीस आले नसते. छावणीच्या बाजारात, मुख्य पहाऱ्यापासून शंभर यार्डांच्या आत मारून जवळच पुरलेल्यांची प्रेते नंतर उकरून काढण्यात आली आणि त्या वेळी आपण हजर होतो, असे टेलर लिहितो.

ही हकीकत वाचताना सावधगिरीही बाळगावी. ठगीविषयीची बहुतेक माहिती माफीच्या साक्षीदारांच्या कबुलीजबाबांवर आधारलेली आहे. ठगांची दहशत किती खरी आणि किती कंपनी सरकारच्या सोयीची, यावर इतिहासकारांत मतभेद आहेत. तरीही टेलरच्या मजकुरातून एक गोष्ट निर्विवादपणे दिसते. १८३० च्या दशकात हिंगोलीचा बाजार इतका भरभराटीचा होता, की मुंबईच्या कापडाला तेथे गिऱ्हाईक होते.

या फौजेची किंमत वऱ्हाडाने मोजली

छावणीच्या गावातून फिरताना प्रवाशाने एक प्रश्न मनाशी धरावा. या सैन्याचा खर्च कोणी दिला? कागदोपत्री निजामाने. पण खर्च वाढत गेला, पगार थकले आणि कंपनीने निजामाकडे थकबाकीचा तगादा लावला. अखेर लॉर्ड डलहौसीच्या कारकीर्दीत मे १८५३ मध्ये तह झाला. कंटिंजंटच्या खर्चासाठी वऱ्हाड, रायचूर दुआब आणि धाराशिव-नळदुर्गकडचा मुलूख कंपनीच्या ताब्यात गेला. या तहाने फौजेची संख्या किमान पाच हजार पायदळ, दोन हजार घोडदळ आणि चार तोफखाने अशी ठरवून दिली. १८६० मध्ये रायचूर आणि धाराशिवकडचा भाग परत मिळाला, वऱ्हाड मात्र मिळाले नाही. १९०२ मध्ये लॉर्ड कर्झनने वर्षाला २५ लाख रुपयांच्या मोबदल्यात ते कायमच्या पट्ट्याने घेतले आणि पुढच्या वर्षी ते मध्य प्रांताला जोडले गेले. वऱ्हाडावरील निजामाचे स्वामित्व नावापुरते उरले. १९३६ मध्ये निजामाच्या युवराजाला मिळालेली ‘प्रिन्स ऑफ बेरार’ ही पदवी हा त्याचाच अवशेष.

म्हणजे हिंगोलीसारख्या छावण्यांच्या पगारपत्रकापायी एक संपन्न मराठी मुलूख दुसऱ्याच्या हाती गेला. विदर्भ आणि मराठवाडा यांचे प्रशासन, कायदे, शिक्षण आणि भाषेवरचे संस्कार पुढे शंभर वर्षे वेगळे राहिले, त्याची एक मुळी येथे आहे. हिंगोलीच्या उत्तरेकडचा वाशीम इंग्रजी अमलात वाढला आणि हिंगोली निजामी अमलात. आज दोन्हींचे अंतर एका सकाळच्या प्रवासाचे आहे.

याच कंटिंजंटच्या तुकड्या १८५८ मध्ये सर ह्यू रोजच्या फौजेबरोबर मध्य हिंदुस्थानातील मोहिमेत होत्या, हेही विसरून चालणार नाही. १९०३ मध्ये कंटिंजंट मोडून तिच्या पलटणी हिंदुस्थानी सैन्यात सामावल्या गेल्या आणि हिंगोलीची छावणी उठली. भारतीय लष्करातील ‘डेक्कन हॉर्स’ ही रणगाडा रेजिमेंट त्या घोडदळाचीच वारसदार. सैन्य गेले, वस्त्यांची नावे राहिली आणि गाव कापसाच्या व्यापारावर जगू लागले.

रामलीला मैदानावरचा दसरा

हिंगोलीचा दसरा मराठवाड्यात प्रसिद्ध आहे. खाकीबाबा मठाच्या परंपरेने १८५५ पासून तो सुरू असल्याचे सांगितले जाते. रामलीला मैदानावर भव्य प्रदर्शन भरते, रामलीला होते आणि रावणाच्या उंच पुतळ्याचे दहन होते. शमीपूजन आणि सोने लुटणे हा मराठी दसरा. रामलीला आणि रावणदहन ही परंपरा उत्तर हिंदुस्थानची. मराठवाड्याच्या मधोमध ती कशी रुजली, याचे उत्तर शोधताना छावणीतील हिंदुस्थानी शिपायांकडे आणि त्यांच्या मागोमाग आलेल्या साधू-व्यापाऱ्यांकडे लक्ष जाते. हा निष्कर्ष तर्काचा आहे. परंतु सैन्य गेल्यानंतरही लोकांनी उत्सव आपला म्हणून चालू ठेवला, ही वस्तुस्थिती आहे. छावणीने दिलेल्या गोष्टींपैकी सर्वांत जिवंत उरली ती हीच म्हणावी लागेल.

नरसी : कयाधूकाठचे गाव

हिंगोलीपासून जवळच, कयाधूच्या काठी नरसी हे गाव आहे. १२७० मध्ये संत नामदेवांचा जन्म येथे झाला असे मानले जाते. त्यांचा जन्म पंढरपूरचा मानणारी परंपराही आहे. येथे नामदेवांचे मंदिर आहे आणि गुरुद्वाराही आहे. शिखांच्या गुरू ग्रंथ साहिबात नामदेवांच्या ६१ रचना समाविष्ट असल्याने पंजाबातील भाविक मोठ्या श्रद्धेने या आडवाटेच्या गावी येतात. हिंगोलीतील हळद बाजाराचे आवारही संत नामदेवांच्या नावाने ओळखले जाते.

वेगळ्या खंडातील एक तुलना

वसाहतकाळातील गाव आणि त्याखालची जुनी संस्कृती यांचे नाते सगळीकडे सारखे नसते. मेक्सिकोच्या युकातान प्रांतात इझामाल नावाचे लहानसे गाव आहे. त्याच्या घरांचा रंग हळदीसारखा पिवळा. तेथे स्पॅनिश धर्मोपदेशकांनी १५४९ पासून बांधलेला भव्य मठ प्राचीन माया लोकांच्या पिरॅमिडच्या चौथऱ्यावर, त्याचेच दगड वापरून उभा केला आहे. त्या मठाशी ज्याचे नाव जोडलेले आहे त्या दिएगो दे लांदा याने १५६२ मध्ये मानी या गावी माया लिपीतील ग्रंथ जाळले. तरी माया भाषा त्या प्रदेशात आजही बोलली जाते. इझामालला जाणारा पर्यटक मठ आणि पिरॅमिड दोन्ही पाहतो, कारण एक दुसऱ्याच्या डोक्यावरच उभा आहे.

हिंगोलीत तसे घडले नाही. येथे परकी सत्तेने जुन्या देवळावर काही बांधले नाही. ती बाजूला राहिली. त्यामुळे औंढा आणि नरसी आपल्या जागी आहेत आणि त्यांना भाविकांचा आधारही आहे. छावणीच्या इतिहासाला मात्र भाविक नाहीत. तो दगडांपेक्षा नावांत अधिक उरला आहे आणि नावे दगडांपेक्षा लवकर झिजतात. नवी वसाहत उठली, नवा चौक झाला, की ‘रिसाला’ म्हणजे काय हे सांगणारा माणूस सापडेनासा होतो.

कसे जाल, केव्हा जाल?

मुंबई-पुण्याहून रेल्वेने नांदेडला उतरून वसमतमार्गे औंढा आणि हिंगोली गाठणे सर्वांत सोयीचे. पूर्णा–अकोला रेल्वेमार्गावर वसमत आणि हिंगोली ही दोन्ही स्थानके आहेत. पूर्वीचा हा मीटरगेज मार्ग २००८ मध्ये ब्रॉडगेज झाला. नांदेड, परभणी आणि हिंगोलीहून एसटीच्या गाड्या औंढ्याला जातात. वसमत ते हिंगोली हे अंतर सुमारे ५० किलोमीटर असून औंढा साधारण मध्यावर आहे.

ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. दसऱ्याला हिंगोलीत मुक्काम केल्यास दुहेरी लाभ होतो. महाशिवरात्र आणि श्रावणातील सोमवारी औंढ्यास मोठी गर्दी असते. शिल्पे निवांत पाहायची असल्यास हे दिवस टाळावेत. हळदीचा व्यवहार पाहायचा असेल तर उन्हाळा सोसावा लागेल. त्या दिवसांत सकाळी लवकर निघून दुपारपूर्वी मुक्कामी पोहोचावे.

हिंगोली शहरासाठी किमान अर्धा दिवस राखून ठेवावा. तेथे तिकीट काढून पाहण्याची वास्तू नाही. सदर बाजारातून पायी निघावे, पलटण, रिसाला, तोफखाना अशा वस्त्या विचारत जावे आणि भेटणाऱ्या वडीलधाऱ्यांना नावांचा अर्थ विचारावा. काहींना तो सांगता येईल, काहींना नाही. ज्यांना सांगता येतो त्यांच्याकडून ऐकून घेण्याचे हेच दिवस आहेत.